आमच्यानंतर याला कोण बघणार?

आपल्या मंडळाच्या अंकात कौतुकाचं एक पान असतं. कुणाच्या मुलाला वॉटर्लूला प्रवेश मिळतो, कुणाची मुलगी डॉक्टर होते, कुणाच्या नातीचं अरंगेत्रम होतं. ते पान आम्हीही आवडीनं वाचतो. पण ज्यांचं नाव त्या पानावर कधी येणार नाही अशीही काही मुलं आपल्यातल्याच घरांत वाढली आहेत. मुलं म्हणायची आपली सवय. एरवी त्यांतलं कुणी पस्तिशीचं आहे, कुणी पन्नाशीला टेकलं आहे. कुणाला डाउन सिंड्रोम आहे, कुणी ऑटिस्टिक, म्हणजे आता मराठीत ज्याला स्वमग्न म्हणतात तसं, कुणाला व्यवहाराची समज फार थोडी. त्यांचे आईबाप सत्तरी ओलांडून गेलेत, आणि रात्री दिवा मालवल्यावर दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो : आमच्यानंतर याला कोण बघणार?

आम्ही त्यांतलेच एक जोडपं. आमचा मुलगा आता बेचाळीस वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, बोलतो अगदी मोजके शब्द, त्यांतले निम्मे मराठी. गेली काही वर्षं तो टोरांटोजवळच्या एका ग्रुप होममध्ये आणखी तिघांबरोबर राहतो. ‘मुलाला होममध्ये ठेवलं’ हे वाक्य आपल्यात कसं उच्चारलं जातं ते आम्हाला ठाऊक आहे. उच्चारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. म्हणूनच हा लेख मोठ्या आवाजात लिहायचं ठरवलं. ही घरं काय असतात, ती चांगली की वाईट हे कसं ओळखायचं, आणि आपण माणसांनी त्यात काय करायचं, एवढंच सांगायचं आहे.

ओरिलियाची गोष्ट

फॉल कलर्स बघायला मस्कोकाकडे निघालं की बॅरीनंतर ओरिलिया लागतं. तिथं सिमको सरोवराच्या काठी मोठ्या विटांच्या इमारती आहेत. १८७६ साली प्रांत सरकारनं तिथं ‘मूढांसाठी आश्रम’ अशा अर्थाच्या नावानं एक संस्था उघडली. पुढं नावं बदलत गेली, शेवटचं नाव ह्युरोनिया रीजनल सेंटर. मूल ‘असं’ निघालं की डॉक्टर आईबापांना सांगत, याला तिकडं पाठवा आणि विसरून जा. लोक पाठवत. १९६०च्या सुमारास अडीच हजारांहून अधिक माणसं तिथं राहत होती, मूळ सोयीपेक्षा कितीतरी जास्त.

त्याच वर्षी, १९६०च्या जानेवारीत, पिअर बर्टन या नामवंत पत्रकारानं टोरांटो स्टारमध्ये तिथली अवस्था लिहिली : एकमेकांना चिकटवून लावलेल्या खाटा, कोंदट दुर्गंधी, जुनाट इमारती. आता यापुढं आम्हाला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकणार नाही, असाच त्याच्या लेखाचा रोख होता. १९७१ साली वॉल्टर विलिस्टन या वकिलानं सरकारसाठी अहवाल लिहिला आणि अशा प्रचंड संस्था हळूहळू बंद करा असं सांगितलं. प्रत्यक्षात ह्युरोनियाला कुलूप लागलं ते ३१ मार्च २००९ला. ऑन्टॅरिओतल्या अशा शेवटच्या तीन संस्थांपैकी ती एक होती.

लहानपणी तिथं राहिलेल्या पॅट्रिशिया सेथ आणि मेरी स्लार्क या दोन बायकांनी पुढं सगळ्यांच्या वतीनं सरकारवर दावा लावला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, सगळं त्यात होतं. २०१३ साली साडेतीन कोटी डॉलर्सवर तडजोड झाली, आणि त्या वर्षीच्या ९ डिसेंबरला प्रीमियर कॅथलीन विन यांनी विधिमंडळात जाहीर माफी मागितली. संस्थेच्या कब्रस्तानात कित्येक थडग्यांवर नाव नाही, नुसता नंबर आहे.

हे आम्ही इतकं सविस्तर का सांगतो? ह्युरोनियात सगळेच नोकर दुष्ट होते असं नाही. पण माणसं गावाबाहेर ठेवली, बघायला येणारे कमी होत गेले, आणि आतल्या माणसाला विचारणारं कुणी उरलं नाही. एकदा ते झालं की बाकीचं आपोआप होतं.

आता कुणी म्हणेल, ती जुनी, मोठी, सरकारी संस्था. आता लहान घरं आहेत, प्रश्न मिटला. तर तसंही नाही. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं एक खाजगी हॉस्पिटल होतं. इमारत नवी, जागा फक्त चोवीस, आणि माणशी आठवड्याला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास खर्च. २०११ साली बीबीसीच्या वार्ताहरानं तिथं नोकर म्हणून शिरून लपवलेल्या कॅमेऱ्यानं जे टिपलं ते पाहून देश हादरला. अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, त्यांतले सहा तुरुंगात गेले. म्हणजे नवी इमारत आणि भरपूर पैसा एवढ्यानं भागत नाही.

कायदा काय म्हणतो

ऑन्टॅरिओत यासाठी २००८चा कायदा आहे, आणि दर्जासंबंधीचे नियम १ जानेवारी २०११पासून लागू झाले. ते कंटाळवाणे वाटले तरी वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक रहिवाशासाठी स्वतंत्र लेखी योजना हवी आणि ती वर्षातून एकदा तरी पुन्हा पाहिली पाहिजे. नोकराची नेमणूक करताना पोलिस रेकॉर्ड तपासलं पाहिजे. अत्याचाराचा संशय आला आणि तो गुन्हा ठरू शकत असेल तर संस्थेनं घरातल्या घरात चौकशी करत बसायचं नाही, ताबडतोब पोलिसांना कळवायचं. कुणाला धरून ठेवायचं, कोंडायचं असे उपाय लेखी योजनेशिवाय करता येत नाहीत. अंघोळीच्या नळाचं पाणी ४९ डिग्री सेल्सियसच्या वर असता कामा नये, इथपर्यंत नियम आहेत. हे पाणी तापायचं कलम वाचून हसू येईल. पण ज्याला ‘भाजतंय’ म्हणता येत नाही त्याच्या आईला विचारा.

घरांचे प्रकारही समजून घ्यावेत. तीन किंवा अधिक माणसं आणि पगारी स्टाफ असलेलं ते ग्रुप होम. एकदोन माणसांसाठी जास्त मदतीचं घर वेगळं. कुणी दुसऱ्या कुटुंबात राहतं, त्याला होस्ट फॅमिली म्हणतात. आणि ज्याला बरंच काही जमतं तो स्वतःच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, मदतनीस ठरावीक तास येतो. सगळ्यांचा अर्ज मात्र एकाच दारातून जातो : डेव्हलपमेंटल सर्व्हिसेस ऑन्टॅरिओ, म्हणजे डी.एस.ओ. सोळाव्या वर्षी अर्ज करता येतो, सेवा अठराव्या वर्षापासून. सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट लागतो आणि ही अडचण अठराच्या आतली आहे हे दाखवावं लागतं. म्हणून शाळेचे जुने कागद फेकू नका, बेसमेंटमधल्या त्या खोक्याला हात लावू देऊ नका.

आणि मग वाट पाहायची. प्रांताच्या ऑडिटर जनरलनी २०१४ साली हिशोब मांडला : राहण्याच्या सोयीत १७,९०० माणसं, रांगेत १४,३००. चार वर्षांत रांग निम्म्यानं वाढली, सोय जेमतेम एक टक्क्यानं. नवीन एकही अर्ज आला नाही तरी त्या रांगेतल्या सर्वांना जागा मिळायला बावीस वर्षं लागतील, असं त्या अहवालात होतं. २०१६ साली ऑम्बुड्समन पॉल ड्यूबे यांनी चौदाशेहून अधिक तक्रारींचा अभ्यास करून अहवाल दिला. घर मिळालं नाही म्हणून हॉस्पिटलात, बेघरांच्या शेल्टरमध्ये, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, तुरुंगातसुद्धा अडकलेली माणसं त्यात आहेत. साठ शिफारशी त्यांनी केल्या.

नोव्हा स्कोशियात तर गोष्ट कोर्टापर्यंत गेली. बेथ मक्लेन ही बाई वैद्यकीय गरज नसताना वर्षानुवर्षं डार्टमथच्या मनोरुग्णालयात राहिली, कारण बाहेर तिला योग्य घर नव्हतं. २०२१च्या ऑक्टोबरात तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं की अपंग माणसांना समाजात राहण्याची मदत न देणं, रांगेत ठेवणं, संस्थेत डांबणं हा पद्धतशीर भेदभाव आहे. २०२३ साली सरकारनं मोठ्या संस्था बंद करण्याचा पाच वर्षांचा कार्यक्रम मान्य केला. निकाल आला त्याच वर्षी बेथ वारली होती.

‘जेव’

आता आमचं. आमच्या मुलाला जागा मिळाली ती रांगेतून नव्हे, तर घरात आईचं मोठं ऑपरेशन निघालं म्हणून, तातडीची केस म्हणून. पहिलं घर दिसायला छान होतं. स्वच्छ कार्पेट, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं वेळापत्रक, अंगणात बार्बेक्यू. कोणत्या संस्थेचं ते सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही.

आमच्या मुलाची एक सवय आहे. पुढं ताट वाढलेलं असलं तरी ‘जेव’ म्हटल्याशिवाय तो घास घेत नाही. भूक लागलेली असते, वासानं मान वळवतो, पण हात पुढं करत नाही. ‘जेव रे’ म्हटलं की सुरू. हे आम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं होतं आणि त्याच्या लेखी योजनेत ते लिहिलेलंही होतं. आईला ऑपरेशननंतर उठबस करता येईना, बर्फाचे दिवस, एकट्यानं जायचं ते पंधरवड्यातून एकदा. दर खेपेला तो थोडा बारीक वाटे. ‘सेटल होतोय’ असं उत्तर मिळे. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरकडं वजन केलं तर नऊ किलो उतरलेलं.

मग आम्ही रोजच्या नोंदींची वही मागितली. पान उलटावं तिथं एकच शब्द : ‘नाकारलं’. दुपारचं जेवण नाकारलं, रात्रीचं नाकारलं. वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या सह्या. बरेचसे लोक एजन्सीकडून दिवसापुरते आलेले बदली कामगार. त्यांतल्या कुणीच वाईट वागलं नव्हतं. ताट ठेवलं, अर्ध्या तासानं उचललं, खरं ते लिहिलं. ती योजना कुठं होती? ऑफिसातल्या फायलिंग कॅबिनेटमध्ये, कुलपात. नियमाप्रमाणं ती केलेली होती, सही झालेली होती, तपासणीला कुणी आलं असतं तर पास झाली असती.

आम्ही तक्रार केली, मीटिंगा झाल्या, वर्षाच्या आत दुसऱ्या संस्थेत जागा मिळाली. हे घर जुनं आहे, जिना करकरतो, गालिचा बघण्यासारखा नाही. पण इथं फिलिपिन्सहून आलेली एक बाई नऊ वर्षं काम करते आहे. तिनं आमच्याकडून शब्द लिहून घेतले आणि फ्रीजवर चिकटवले : जेव, पाणी, पुरे, चल, दुखतंय का. उच्चार तिचा ‘झेव’ असा होतो. मुलाला चालतो. नवीन माणूस कामाला आला की ती आधी त्याला फ्रीजपाशी उभं करते. आता घरातला एक पोर्तुगीज रहिवासीही इतरांना ‘पुरे’ म्हणतो.

दर्जा म्हणजे काय असं आम्हाला कुणी विचारलं तर आम्ही त्या फ्रीजकडं बोट दाखवू. नियम हवेतच, त्यांच्याशिवाय ह्युरोनिया होतं. पण नियम कॅबिनेटमध्ये राहतात. माणसाला ओळखणारं माणूस तिथं टिकून असणं, आणि बाहेरून कुणीतरी येऊन बघत राहणं, या दोन गोष्टींवर घर चांगलं की वाईट ते ठरतं.

घर बघायला जाल तेव्हा

आपण मुलीचं स्थळ बघायला जाताना चौकशी करतो त्याच्या निम्मी तरी इथं करावी. आम्ही दहाबारा घरं पाहिली, त्यावरून सुचलेले प्रश्न देतो.

स्टाफमधलं सगळ्यात जुनं माणूस किती वर्षांचं, आणि गेल्या वर्षात किती जण सोडून गेले? रात्री जागं कोण असतं? बदली माणसाला घरातल्यांची माहिती कोण, केव्हा देतं? फोन न करता आलो तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नाला अडखळत उत्तर आलं तर तिथून निघा.

तिथं राहणाऱ्यांकडं बघा. संध्याकाळी चार वाजता सगळे टीव्हीसमोर ओळीनं बसलेले आहेत, की कुणी कांदा चिरतंय, कुणी कपड्यांच्या घड्या घालतंय? काम हळू होतं, सांडतं, पण ते त्यांचं घर असल्याची ती खूण. ब्रिटनमधले प्राध्यापक जिम मॅन्सेल यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. लहान घर मिळालं तरी स्टाफ माणसासाठी सगळं करून टाकतो की त्याच्याकडून, त्याच्याबरोबर करतो, यावर त्याचा दिवस कसा जातो ते ठरतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

झोपायची वेळ कुणी ठरवली आहे, रहिवाशानं की शिफ्टच्या वेळापत्रकानं? फ्रीजला कुलूप आहे का, आणि असेल तर कुणासाठी? मुलीला अंघोळ घालायला बाईच असेल ना? हे विचारायला आपल्या बायका लाजतात, लाजू नये. त्याचे पैसे कोण सांभाळतं? ओ.डी.एस.पी.ची बरीचशी रक्कम राहण्याजेवण्यापोटी संस्थेला जाते, थोडी हातखर्चाला उरते. त्या थोडीचा हिशोब दर महिन्याला मागा. काही वावगं दिसलं तर संस्थेकडं लेखी तक्रार करा. प्रांतानं ‘रिपोर्ट-ऑन’ नावाची चोवीस तास चालणारी टेलिफोन लाइनही ठेवलेली आहे.

पैशाचं थोडं

कोणताही निर्णय वकिलाला, अकाउंटंटला विचारूनच घ्या, पण दोन गोष्टी आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊकच नसतात. पहिली आर.डी.एस.पी., २००८ साली सुरू झालेली केंद्र सरकारची बचत योजना. व्हॅंकुव्हरकडच्या ‘प्लॅन’ या पालकांच्या संस्थेनं ती मागून घेतली. त्यासाठी आधी डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट मंजूर लागतं. मुलाचं उत्पन्न कमी असेल तर एक डॉलरही न घालता सरकार वर्षाला हजारपर्यंत टाकतं, एकूण वीस हजारांपर्यंत. शिवाय आपण घातलेल्या रकमेवर ग्रँट, एकूण सत्तर हजारांपर्यंत. मूल एकोणपन्नास वर्षांचं होईल त्या वर्षअखेरपर्यंतच हे मिळतं, म्हणून उशीर नको.

दुसरी हेन्सन ट्रस्ट. मुलाच्या नावानं सरळ पैसे ठेवले आणि ते चाळीस हजारांच्या वर गेले तर ओ.डी.एस.पी. बंद होऊ शकतं. गुएल्फच्या हेन्सन नावाच्या बापानं मृत्युपत्रात पैसे मुलीला न देता ट्रस्टींच्या पूर्ण मर्जीवर सोपवले. १९८९ साली ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टानं ते ग्राह्य धरलं. तेव्हापासून त्याचं नाव या पद्धतीला पडलं.

मंडळानं काय करावं

भारतातले नातेवाईक म्हणतात, इकडं पाठवा, बाई ठेवू. पण इथं जन्मलेल्या मुलाला तिथं ठेवून आपण हजारो मैलांवर, हे आम्हाला पटलं नाही. शिवाय तिथंही प्रश्न सुटलेला नाही. उलट तिथल्या पालकांनी आपल्यापेक्षा जास्त हिंमत दाखवली. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ आणि बदलापूरची ‘आधार’ ही घरं पालकांनी एकत्र येऊन उभी केली, तीही इथल्यासारखा सरकारी पैसा पाठीशी नसताना. इथं टोरांटोत ज्यू पालकांनी १९७३ साली ‘रीना’ ही संस्था काढली. त्यांच्या मुलांना त्यांचे सण, त्यांचं अन्न मिळतं.

आपण मराठी माणसं संख्येनं थोडी, उद्या इमारत बांधू असं आम्ही म्हणत नाही. त्याआधी एक सोपं काम आहे : लपवणं थांबवणं. लपवण्याला कारण होतं हे आम्ही जाणतो. मुलाच्या अपंगत्वामुळं ‘सरकारवर जादा भार’ पडेल म्हणून अख्ख्या कुटुंबाचा इमिग्रेशनचा अर्ज नाकारला जाई. २०१८ साली तो नियम बराच सैल झाला. स्पेशल एज्युकेशन आणि सामाजिक सेवांचा खर्च आता त्यात धरत नाहीत. पण भीतीची सवय राहिली.

तेव्हा आमची सूचना अशी. आपल्या सभासदांपैकी ज्यांची मुलं ग्रुप होममध्ये आहेत त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीकडं नाव द्यावं. प्रत्येक मुलामागं मंडळातली तीन कुटुंबं आळीपाळीनं उभी राहतील. महिन्यातून एकानं जायचं, न कळवता, डब्यात थोडा वरणभात नाहीतर शिरा घेऊन. अर्धा तास बसायचं, वजन उतरलंय का, अंगावर कुठं खूण आहे का, नवीन कोण कामाला आलंय, एवढं बघायचं आणि एका वहीत लिहायचं. आईबाप आहेत तोवर हे सुरू करायचं, म्हणजे ते नसतील तेव्हा येणारा काका, येणारी मावशी मुलाला अनोळखी वाटणार नाही. आमच्या मुलाकडं अशी दोन कुटुंबं गेल्या वर्षापासून जाताहेत. त्यांतल्या एका काकांना तो आता दारातच हात धरून आत नेतो.

तिसरं कुटुंब हवं आहे. मिसिसागा, ब्रॅम्प्टन भागातलं असलं तर सोयीचं. कुणाला जमेल त्यांनी येत्या कोजागरीच्या कार्यक्रमात आम्हाला भेटावं. आम्ही चहाच्या टेबलापाशी असू. मुलगाही बरोबर असेल. त्याला मसाला दूध आवडतं, फक्त ‘घे’ म्हणायला विसरू नका.